तक्रारपेटी आहे, ती उघडणार कोण?

शाळा असते त्या दिवशी सकाळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही. ताप नाही, सर्दी नाही, तरी डोके जड असते. डबा तसाच परत येतो. नववीतला मुलगा घरी आल्या आल्या दप्तर टाकून आधी स्वच्छतागृहाकडे धावतो, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला तो दिवसभर धजावलेला नसतो. अशा मुलांना डॉक्टरांकडे नेले जाते. रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, जंताचे औषध दिले जाते, आणि सगळे अहवाल ‘नॉर्मल’ येतात. विचारायचा राहून जातो तो एकच प्रश्न : शाळेत तुला कोणी त्रास देते का?

हा प्रश्न भोचकपणाचा नाही, वैद्यकीय आहे. वर्गसोबत्यांकडून सतत त्रास सोसणाऱ्या मुलांमध्ये डोकेदुखी, पोटदुखी, झोपेच्या तक्रारी इतर मुलांच्या साधारण दुपटीने आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २०१३ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मांडले गेले. हा त्रास शाळा सुटली की संपतो, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या मार्चमधील एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा माग संशोधकांनी आयुष्यभर ठेवला. ज्यांना लहानपणी इतर मुलांनी वारंवार छळले होते, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही नैराश्य आणि चिंताविकाराचे प्रमाण अधिक होते; मित्रपरिवार आणि आयुष्याविषयीचे समाधान कमी होते. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. घरची गरिबी, लहानपणीचा स्वभाव वगैरे बाबी हिशेबात घेऊनही फरक उरलाच. ‘मुले आहेत, चालायचेच’ या वाक्याची किंमत कधी कधी चाळीस वर्षे चुकवावी लागते, ती अशी.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात तीनांपैकी जवळपास एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्यात किमान एकदा तरी सोबत्यांच्या छळाला सामोरे जावे लागले होते. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण मांडून पाहिले, तर आकडा वीसच्या आसपास जातो.

तरीही आपल्याकडे हा विषय पालकसभेत क्वचितच निघतो. त्याचे एक कारण भाषेतच दडलेले आहे. ‘चिडवणे’ हा शब्द फार हलका आहे. त्यात गंमत आहे, मैत्री आहे. ‘छळ’ हा शब्द फार जड आहे. तो उच्चारला की पोलीस ठाणे डोळ्यांसमोर येते. ‘रॅगिंग’ म्हटले की महाविद्यालय आणि वसतिगृह आठवते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, पण त्याची चर्चा होते ती मुख्यतः तिथल्याच घटनांमुळे. रोज मधल्या सुट्टीत डबा हिसकावणे, रंगावरून, जातीवरून, अंगकाठीवरून किंवा बोलताना अडखळण्यावरून नाव पाडणे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून एकाच मुलीला ठरवून वगळणे, या सगळ्याला सरळ शब्द नसल्याने ते मुलांना सांगता येत नाही आणि मोठ्यांना ऐकू येत नाही. म्हणून अलीकडे ‘बुलिंग’ हाच शब्द रूढ होतो आहे. शब्द कोणताही वापरा; अर्थ मात्र नेमका हवा.

तो अर्थ नेमका केला डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्वेत काम केलेल्या ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, कृती दुखावण्यासाठी केलेली असते. दुसरी, ती पुन्हा पुन्हा होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दोघांच्या बळात फरक असतो. हे बळ अंगातले असेल, संख्येचे असेल, घरच्या पैशाचे असेल किंवा वर्गातल्या वजनाचे असेल. दोन बरोबरीची मुले मैदानावर हमरीतुमरीवर आली, तर ते भांडण. पाच जण रोज एकाच्या मागे लागले, तर ते भांडण नव्हे. हा फरक शिक्षकांना कळणे फार गरजेचे आहे. कारण भांडणावर ‘दोघांनी हात मिळवा आणि विसरून जा’ हा उपाय चालतो. छळाच्या बाबतीत तोच उपाय त्रास सोसणाऱ्याला आणखी एकटे पाडतो. त्याने सगळ्यांसमोर हात मिळवलेला असतो. आता पुन्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे, असे समोर आले आणि देश हादरला. १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातील ४२ शाळांमध्ये सुमारे अडीच हजार मुलांबरोबर ओल्वेयस यांनी आपली पद्धत राबवली. मधल्या सुट्टीत मोठ्यांची नीट देखरेख, वर्गातले मोजके स्पष्ट नियम, दर आठवड्याला वर्गात मोकळी चर्चा, आणि छळ करणारा, सोसणारा व दोघांचे पालक यांच्याशी स्वतंत्र बोलणे, असे तिचे स्वरूप होते. मुलांनीच दिलेल्या उत्तरांनुसार दोन वर्षांत छळाचे प्रमाण निम्म्यावर आले. पुढे इतर देशांत अशा कार्यक्रमांना एवढे यश मिळाले नाही. सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर घट साधारण पाचव्या हिश्शाएवढी दिसते. पण पाचवा हिस्साही थोडका नाही. आणि मुख्य गोष्ट सिद्ध झाली : छळ हा शालेय जीवनाचा अटळ भाग नाही. शाळेने ठरवले, तर तो कमी होतो.

माध्यमिक शाळांसाठी मात्र एक धोक्याची सूचना आहे. अमेरिकेतील डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की लहान वर्गांत उपयोगी पडणारे हे कार्यक्रम आठवीपासून पुढे जवळजवळ निष्प्रभ ठरतात. कारण समजण्यासारखे आहे. पाचवीतल्या मुलाला बाईंनी ‘असे वागू नये’ म्हटले, तर ते पटते. नववीतल्या मुलाला तेच वाक्य ऐकवले, तर त्याला आपण अजून लहान समजले जातो याचाच राग येतो. या वयात शिक्षकांच्या शाबासकीपेक्षा मित्रांच्या नजरेतली पत मोठी असते. छळाचे रूपही बदलते. धक्काबुक्की कमी होते. अफवा, टोमणे, वगळणे आणि फोनवरची टिंगल वाढते. हे शिक्षकांच्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे परिपाठात एक सुविचार, भिंतीवर ‘शिस्त पाळा’ अशी पाटी आणि वर्षातून एक व्याख्यान, हा आपला ठरलेला उपचार नेमक्या याच वयात कुचकामी ठरतो.

मग काय चालते? उत्तर शोधताना संशोधकांची नजर छळणाऱ्यावरून आणि सोसणाऱ्यावरून हटून भोवतालच्या गर्दीकडे वळली. कॅनडात टोरांटोतील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून केलेल्या एका निरीक्षणात दिसले, की छळाच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुले तिथे हजर होती. पाचांपैकी जेमतेम एका प्रसंगात कोणी मध्ये पडले. पण जेव्हा पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! मुख्याध्यापकांच्या कोणत्याही नोटिशीला हा वेग साधणार नाही. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी हीच गोष्ट पुढे नेली. छळणाऱ्याला हसून दाद देणारे, त्याला हातभार लावणारे, नुसते बघत उभे राहणारे आणि सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे, अशा भूमिका प्रत्येक वर्गात असतात. दाद बंद झाली, की खेळातली मजाच जाते. या विचारावर तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडभर पोहोचला.

मोठ्या मुलांबाबत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचा अनुभव विशेष उपयोगाचा आहे. २०१२-१३ या वर्षी तिथल्या ५६ शाळांमध्ये एक प्रयोग झाला. मुलांनाच विचारले, की तुम्ही शाळेत कोणाकोणाबरोबर वेळ घालवता. त्यावरून ज्यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते अशी मुले कोण, हे समजले. निम्म्या शाळांत विद्यार्थ्यांचे छोटे गट तयार करून त्यांच्या हाती काम सोपवले. या गटांना भाषण दिले नाही. शाळेत काय खटकते हे त्यांनीच ठरवायचे, फलक आणि घोषणा त्यांनीच तयार करायच्या, चांगले वागणाऱ्याच्या मनगटावर नारिंगी पट्टी त्यांनीच बांधायची. या शाळांमध्ये भांडण-छळाच्या नोंदी वर्षभरात सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. गटात ‘लक्ष वेधणारी’ मुले जितकी जास्त, तितका परिणाम अधिक. ही मुले नेहमीच गुणी किंवा पहिल्या बाकावरची नसतात. आपल्याकडे अशा कामासाठी मॉनिटर आणि हुशार मुले निवडण्याची सवय आहे. ती मोडावी लागेल.

‘हे सगळे श्रीमंत देशांत ठीक आहे, आमच्याकडे एका वर्गात साठ-सत्तर मुले असतात,’ हा आक्षेप लगेच येईल. त्याचे उत्तर बिहारमधून आणि एका अर्थाने गोव्यातून मिळाले आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्य क्षेत्रातील संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. जीवनकौशल्यांचे सरकारी वर्ग सगळीकडेच होते. त्याशिवाय एका गटातील शाळांमध्ये ‘सेहर मित्र’ नेमला गेला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. या कामाचे प्रशिक्षण दिलेला सामान्य कार्यकर्ता होता. दुसऱ्या गटात तेच काम, तसेच प्रशिक्षण देऊन, शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. तिसऱ्या गटात जास्तीचे काहीच नव्हते.

काम साधे होते. शाळेची आरोग्य समिती चालवणे, भित्तिपत्रक काढणे, मुलांचे गट घेऊन छळ, हिंसा, आरोग्य, अभ्यास या विषयांवर बोलणे, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी ठेवणे, त्या चिठ्ठ्यांना उत्तर देणे आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणे. वर्षाअखेरीस नववीच्या हजारो मुलांना प्रश्न विचारले. ‘मित्र’ असलेल्या शाळांत छळ, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली होती. शाळा आपली वाटण्याची भावना वाढली होती. दुसऱ्या वर्षी परिणाम आणखी ठळक झाले. आणि शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांमध्ये? तिथे आणि काहीच न केलेल्या शाळांमध्ये फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांवरचा ठपका म्हणून वाचू नये. ज्याच्या हातात तासिका, पेपर तपासणी, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीचे काम आणि सर्वेक्षणे आहेत, त्याच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी ठेवली, की ती कागदावरच उरते. शिवाय जो शिक्षक आपल्याला गुण देतो, आपल्या पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलांनाही अवघड जाते. सेहरचा धडा असा, की पेटी, समिती आणि तास या सगळ्याच शाळांत ठेवता येणाऱ्या गोष्टी आहेत. पण त्यांना जीव येतो तो त्यांच्यासाठी वेळ असलेल्या माणसामुळे.

महाराष्ट्राची स्थिती नेमकी इथे तपासून पाहायला हवी. शाळाशाळांत तक्रारपेट्या लावण्याचे आदेश निघालेले आहेत. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा निर्णय २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर या पेट्या आणि समित्यांची पुन्हा एकदा आठवण झाली. कॅमेऱ्यांचीही भर पडली. लैंगिक अत्याचार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे, पण मुलाला बोलता येण्याची वाट दोन्हीकडे एकच असते. रोजचा टोमणा ज्या शाळेत सांगता येत नाही, तिथे त्याहून भयंकर गोष्ट कशी सांगता येईल? कॅमेरा जिना दाखवतो. जिन्यावर कुजबुजलेले नाव त्याला ऐकू येत नाही. पेटी कार्यालयाच्या दाराशी, शिपाई आणि लिपिकांच्या नजरेसमोर टांगलेली असेल, तर तिच्यात चिठ्ठी टाकणे हीच एक घोषणा ठरते. आणि पेटी रिकामी निघाली, की ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असा शेरा मारला जातो. रिकामी पेटी हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. बहुतेक वेळा तो अविश्वासाचा पुरावा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. हा आदेशही आधीच्या परिपत्रकांसारखा फायलीत जाण्याचा धोका आहे. ‘समुपदेशक : श्रीमती अमुक, गणित शिक्षिका’ अशी एक ओळ फलकावर लिहून तो पाळल्याचे दाखवता येईल. नालंदाने आपल्याला आधीच सांगितले आहे, की त्यातून हाती काही लागत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. राज्याने या कामासाठी स्वतंत्र पद द्यावे. लहान गावांत तीन-चार शाळा मिळून एक व्यक्ती असली तरी चालेल. प्रत्येक शाळेत एकेक मानसशास्त्रज्ञ उद्याच मिळणार नाही, हे मान्य. पण समाजकार्याचे शिक्षण घेतलेले तरुण-तरुणी गावोगावी आहेत. त्यांना प्रशिक्षण, ठरावीक वेतन आणि अडल्यास विचारायला जिल्हा पातळीवर एक तज्ज्ञ द्यावा. या व्यक्तीकडे तासिका नको, गुण देणे नको आणि निवडणुकीचे कामही नको.

शाळेने मात्र त्यासाठी थांबून राहू नये. तिच्या हातात बरेच आहे. पहिले म्हणजे वागणुकीच्या अपेक्षा स्पष्ट करणे. ‘शिस्त पाळा’ ही अपेक्षा नव्हे. तिच्यातून काय करायचे ते कळत नाही. ‘जिन्यावर डाव्या बाजूने, धक्का न देता चालायचे’, ‘नाव पाडायचे नाही, ज्याला जे नाव आवडते त्यानेच हाक मारायची’, ‘डबा खाताना कोणी एकटे बसले असेल, तर बोलवायचे’, ‘कोणाचा फोटो विचारल्याशिवाय गटावर टाकायचा नाही’ या अपेक्षा आहेत. त्या चार-पाचच असाव्यात, मुलांशी बोलून ठरवाव्यात आणि गणिताइतक्याच नेमाने पुन्हा पुन्हा शिकवाव्यात. दुसरे, शाळेचा साधा नकाशा देऊन मुलांना नाव न लिहिता खुणा करायला सांगाव्यात : इथे भीती वाटते. स्वच्छतागृहामागची बोळ, सायकल स्टँड, स्कूल व्हॅनची मागची सीट अशा जागा मग आपोआप समोर येतील. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसाने तिथे उभे राहायचे. तिसरे, पेटी कोण, कोणत्या दिवशी उघडणार आणि उत्तर किती दिवसांत मिळणार, हे पेटीवरच लिहावे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. मुले मोठ्यांकडे बघून शिकतात. वर्गात एखाद्याच्या उच्चारावर किंवा वजनावर शिक्षकांनीच कोटी केली, तर उरलेल्या एकोणसाठ जणांना परवानगी मिळते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करते, हे शिक्षक-खोलीत लावण्याजोगे आहे. छळणाऱ्या मुलाबाबतही हाच न्याय. त्याला ‘गुंड’ ठरवून शाळेतून काढले, तर प्रश्न फक्त दुसऱ्या शाळेत जातो. त्याच्या वागण्याला ठाम नकार, झालेले नुकसान भरून काढण्याची जबाबदारी आणि त्याच्या घरी काय चालले आहे याची चौकशी, हे तिन्ही एकत्र लागते. छळणाऱ्यांपैकी अनेक मुले दुसरीकडे कुठे तरी सोसणारीही असतात, आणि संशोधनात सर्वांत बिकट अवस्था नेमकी याच मुलांची दिसते.

पालकांसाठी दोन गोष्टी. ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला देऊ नये. बळात फरक असतो म्हणूनच तर हा छळ असतो. आणि ‘तुला कोणी त्रास देते का?’ या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर ‘तुमच्या वर्गात कोणाला त्रास होतो का? तेव्हा बाकीचे काय करतात?’ असे विचारून पाहावे. स्वतःविषयी न बोलणारे मूल वर्गाविषयी बोलते. मुलाने सांगितले, तर आधी पूर्ण ऐकावे, तारखा-प्रसंग लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या मुलाच्या घरी भांडायला न जाता शाळेकडे लेखी मांडावे. मुलाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर वाट पाहू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ आणि मुलांसाठीची १०९८ या दोन्ही क्रमांकांवर विनामूल्य मदत मिळते.

पुढच्या पालकसभेत निकाल, गणवेश आणि सहलीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावेत. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे? ती शेवटची कधी उघडली? आणि त्या चिठ्ठ्यांना उत्तर द्यायला ज्याच्याकडे वेळ आहे, असा माणूस शाळेत कोण? ज्या शाळेकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, तिथे मुले बोलतील. ज्या शाळेकडे नाहीत, तिथे पालकांनी उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.